अललडुर्रपासून कृष्णविवरापर्यंत

राक्षस रंगभूमीवर यायचा तो आधी आवाजाने. पडद्याआडून ‘अललडुर्र’ अशी आरोळी उठायची, मशालीवर राळेची चिमूट पडून भपकन जाळ व्हायचा आणि त्या उजेडात तोंडाला रंग फासलेला, केस मोकळे सोडलेला, लाकडी तलवार परजणारा गडी उड्या मारत पुढे यायचा. पुढे बसलेली पोरे मागे सरकायची. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांची ही ओळख इतकी पक्की झाली, की पुढच्या पिढीतल्या इंग्रजी शिकलेल्या रसिकांनी त्या सगळ्या प्रकारालाच ‘अललडुर्र नाटके’ म्हणून निकालात काढले.

नाक मुरडणाऱ्यांचे काही अंशी बरोबरही होते. आरडाओरडा फार, कथा सगळ्यांना आधीच ठाऊक, लढाई म्हणजे बव्हंशी नाच. पण दैवी सामर्थ्याचे, मंत्राने अस्त्र सोडणारे, आकाशातून झुंजणारे वीर तिकीट काढून पाहायची सवय मराठी माणसाला लागली ती इथेच. आज अंतराळातल्या साहसकथा म्हटल्या की जगभरच्या पोरांना तलवारीसारखे प्रकाशाचे पाते फिरवणारा, गुरूकडून गूढ शक्ती शिकलेला योद्धा आठवतो. तसा योद्धा कृष्णाकाठाला मुळीच नवा नव्हता. मराठी गोष्ट प्रत्यक्ष ताऱ्यांकडे निघाली तेव्हा मात्र त्याला बरोबर नेले गेले नाही. हे कसे घडले, याचे बरेचसे धागेदोरे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतच सापडतात.

सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या दरबारात १८४२ मध्ये उत्तर कानड्यातून भागवत मंडळी आली आणि त्यांनी आपले खेळ केले. अप्पासाहेबांना कल्पना आवडली, त्यातला धांगडधिंगा मात्र रुचला नाही. असेच पण नीटनेटके काहीतरी मराठीत करावे, असे त्यांनी पदरच्या विष्णुपंत भाव्यांना सांगितले. विष्णुपंतांचे वडील अमृतराव संस्थानच्या नोकरीत होते. मुलाला कविता रचण्याचा आणि कळसूत्री बाहुल्या घडवण्याचा नाद. त्याने पदे रचली, पोरे जमवली, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात ‘सीता स्वयंवर’ झाले. हा दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो.

खेळाचा साचा ठरलेला होता. सूत्रधार आणि त्याचे साथीदार झांज-मृदंगावर मंगलाचरण करणार, विदूषक वनचराच्या वेषात येऊन त्याची फिरकी घेणार, गणपती येणार, मग मोरावर आरूढ झालेली सरस्वती नाचून जाणार, आणि त्यानंतर आख्यान. पद म्हणायचे सूत्रधाराने. पात्रांनी त्याच्या आधाराने सुचेल ते बोलायचे. संहिता अशी नव्हतीच. नटांचे वर्गही भूमिकांवरून पडलेले: देवपार्टी, राक्षसपार्टी, राजापार्टी, स्त्रीपार्टी. राक्षसपार्टीत जाणाऱ्याला आवाज लागे आणि दम लागे, अभिनय मागाहून.

भाव्यांच्या आख्यानांत एक ‘इंद्रजितवध’ होते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ते सगळ्यांत बोलके. इंद्रजित हा रामायणातला सर्वांत ‘आधुनिक’ योद्धा म्हणावा लागेल. तो ढगाआड अदृश्य राहून लढतो, नागपाश टाकून शत्रूला जागच्या जागी जखडतो, आणि निकुंभिलेचा यज्ञ पुरा झाला तर त्याला कोणी हरवू शकत नाही. म्हणून यज्ञ मोडून मगच लक्ष्मणाला त्याला गाठावे लागते. अदृश्य होणारे यान, शत्रूला खिळवून ठेवणारे किरण, शक्तीचा साठा भरून होण्याआधी तळ गाठण्याची धावपळ: विसाव्या शतकातल्या अंतराळ-साहसांचा निम्मा मालमसाला यात तयार आहे. सपाट लाकडी मंचावर, एका पडद्यापुढे, हिलालांच्या धुरात हे सारे दाखवायचे कसे? उत्तर सोपे होते. सूत्रधाराने गायचे, आणि प्रेक्षकाने वर बघायचे.

हे सगळे घडत होते तो काळही लक्षात घेण्याजोगा आहे. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडले होते. त्यांच्यामागून गादीवर आलेले शहाजी उर्फ अप्पासाहेब १८४८ मध्ये वारले, आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. त्या धोरणाचा तो पहिला बळी. ज्या घरांतून दोन पिढ्यांपूर्वी पानिपत-खर्ड्याच्या गोष्टी सांगितल्या जात, त्या घरांतल्या तलवारी आता दसऱ्याला पूजेपुरत्या खाली येत होत्या. खरी लढाई संपली आणि लढाईची हौस मंचावर आली, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

सांगलीचे अप्पासाहेब १८५१ मध्ये गेले. नव्या कारभारात आश्रय आटला, तेव्हा भाव्यांनी मंडळी घेऊन बाहेरची वाट धरली. १८५३ मध्ये सांगलीकर मंडळी मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ करत होती. त्यांचे पाहून इचलकरंजीकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या निघाल्या, आणि पुढची पंचवीसेक वर्षे देव-राक्षसांच्या झुंजी हा महाराष्ट्राचा बिनीचा करमणुकीचा धंदा होऊन बसला. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये आले आणि सुशिक्षितांचे कान गाण्याकडे वळले. भाव्यांनी १८८५ मध्ये आपल्या पदांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ छापला आणि १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी केलेल्या बाहुल्यांपैकी काही मात्र टिकल्या. रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा ‘सीता स्वयंवर’ खेळवले.

भाव्यांचा प्रेक्षक हे अद्भुत पचवू शकला, कारण त्याचा पाया या मुलखात दोनशे वर्षांपूर्वीच घातला गेला होता. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकाच्या मध्यावर, दहा-बारा वर्षांच्या अवधीत, अकरा मारुती स्थापले. शहापूर, मसूर, उंब्रज, शिंगणवाडी, माजगाव, चाफळचे दोन: हे सात आजच्या सातारा जिल्ह्यात. बहे-बोरगाव आणि बत्तीस शिराळा सांगली जिल्ह्यात, मनपाडळे आणि पारगाव कोल्हापुरात. शहापूरचा चुन्याचा मारुती. माजगावचा गावच्या शिवेवरच्या धोंड्यावर कोरलेला. बह्याचा कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर. उंब्रज-मसूरच्या रस्त्याने एका दिवसात चार-पाच ठिकाणी दर्शन होते, आणि प्रत्येक मूर्तीची ढब निराळी दिसते.

या मारुतीचे रूप ध्यानात घ्यावे. तो जन्मतः सूर्याकडे झेपावतो. अणूएवढा होतो आणि मनात आणले तर ब्रह्मांडाएवढा वाढतो. समर्थांनी रचलेले त्याचे स्तोत्र कृष्णाकाठच्या घरोघरी तिन्हीसांजेला म्हटले जाई, तालमीत पोरे त्याच्या पायाशी लाल माती कपाळाला लावून हौद्यात उतरत. म्हणजे अंतराळात झेप घेणारा वीर इथल्या पोराला गोष्टीच्या पुस्तकात भेटत नसे. तो देवळात, शेंदूर लावलेला, रोजच्या ओळखीचा होता. आणि हीच पुढे अडचण ठरली असावी. ज्याला शनिवारी तेल घालायचे, त्याला कादंबरीत नायक करून मंगळावर कसे धाडणार?

त्याला दुसरीकडे मात्र कामाला लावता येत होते. सांगलीतच १८७२ मध्ये जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर टिळकांच्या ‘केसरी’तले सहकारी. त्यांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. गोष्ट महाभारतातली: विराटाच्या घरी बल्लव म्हणून लपून राहिलेला भीम, सैरंध्री म्हणून राबणारी द्रौपदी, तिच्यावर नजर ठेवणारा उन्मत्त कीचक. प्रेक्षकांना नावे बदलून घ्यायला वेळ लागला नाही. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सोसत राहा म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे नेमस्त, आणि भीम म्हणजे जहाल. सरकारलाही उशिरा का होईना ते कळले; १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. ‘लंडन टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी त्याच साली आलेल्या हिंदुस्थानातल्या असंतोषावरील पुस्तकात या नाटकाची खास दखल घेतली. भाव्यांच्या मंचावर नुसता दणदणाट करणारा पौराणिक वीर साठ-सत्तर वर्षांत राजद्रोहाचा आरोपी होण्याइतका वयात आला होता. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला तो याच कथेवर.

आता थोडे मागे आणि बरेच दक्षिणेला जायला हवे.

कराडजवळ कृष्णेच्या काठी टेंभू नावाचे गाव आहे. गोपाळ गणेश आगरकर इथले, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यांच्याआधी तीन वर्षे, १८५३ मध्ये, याच गावात कृष्णाजी नारायण आठल्ये जन्मले. त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही. शिक्षक, चित्रकार, कवी असे सगळे करून हे गृहस्थ पोचले थेट कोचीनला, आणि १८८६ पासून तिथून त्यांनी ‘केरळ कोकिळ’ हे मराठी मासिक चालवले. केरळातून निघणारे मराठी मासिक महाराष्ट्रात चवीने वाचले जाई, कारण आठल्यांची पुस्तक-परीक्षणे झणझणीत असत. याच मासिकात १९०० पासून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाची कादंबरी ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने क्रमशः येऊ लागली. मराठी विज्ञानकथेचा इतिहास लिहिणारे सुरुवात बहुधा इथून करतात.

व्हर्नच्या त्या कादंबरीत वीर कोण आहेत, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध संपलेले, तोफा घडवणाऱ्या मंडळींना काही काम उरलेले नाही. मग त्यांच्या क्लबाचा अध्यक्ष बार्बिकेन ठराव मांडतो, की चंद्रावर गोळा डागावा. नऊशे फूट लांबीची तोफ फ्लोरिडात जमिनीत ओतली जाते. गोळ्यात बसून निघतात ती तीन माणसे, दोन कुत्री आणि काही कोंबड्या. कोणाच्याही अंगी दैवी अंश नाही, कोणाला गुरुमंत्र मिळालेला नाही. पानेच्या पाने हिशेब: वेग किती, बारूद किती, लोखंड किती. युद्ध संपले आणि तोफवाल्यांची हौस गणितात शिरली. सांगलीत तीच हौस मंचावर शिरली होती. टेंभूच्या माणसाने आपल्या वाचकापुढे ठेवलेले अंतराळ असे सुरुवातीपासून हिशेबी निघाले.

अमेरिकेत गाडी दुसऱ्याच रुळावर गेली. १९१२ मध्ये ‘ऑल-स्टोरी’ नावाच्या स्वस्त मासिकात एडगर राइस बरोज यांची मंगळावरची कादंबरी सुरू झाली. तिचा नायक जॉन कार्टर पूर्वीचा सैनिक. त्याला आपले बालपण आठवत नाही, तो म्हातारा होत नाही. ॲरिझोनातल्या एका गुहेत त्याचे शरीर निश्चल पडते, तो बाहेर येऊन आकाशातल्या तांबड्या ग्रहाकडे पाहतो आणि क्षणात तिथे पोचतो. यान नाही, तोफ नाही. योगी परकायाप्रवेश करतात त्यातलाच प्रकार. मंगळावर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून त्याच्या उड्या प्रचंड, आणि सगळी भांडणे तलवारीने मिटतात. भाव्यांच्या राक्षसपार्टीला हा माणूस लगेच आपलासा वाटला असता. त्यामागून १९३४ मध्ये चित्रमालिकेतला फ्लॅश गॉर्डन आला. १९६५ च्या ‘ड्यून’मध्ये वाळवंटी ग्रहावरचा प्रेषित-योद्धा आला. फ्लॅश गॉर्डनचे हक्क मिळाले नाहीत म्हणून जॉर्ज लुकास यांनी स्वतःची गोष्ट रचली, आणि २५ मे १९७७ रोजी ‘स्टार वॉर्स’ पडद्यावर आला. वाळवंटात दडून राहिलेला गुरू, त्याचा उतावळा शिष्य, वंशाचे रहस्य, अंगभर भिनलेली अदृश्य शक्ती: यातली एकही गोष्ट आपल्याकडच्या आजीला समजावून सांगावी लागली नसती.

मग इथे तसे का झाले नाही?

एक उत्तर सिनेमाचे. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये मारुतीला पडद्यावर उडवले आणि सूत्रधाराने गाऊन दाखवायचे आकाश डोळ्यांना प्रत्यक्ष दिसू लागले. अद्भुताची तहान पौराणिक चित्रपटांनी भागवली. त्यासाठी नवा ग्रह कोणाला शोधावा लागला नाही.

दुसरे उत्तर किर्लोस्करवाडीचे, आणि ते जास्त महत्त्वाचे. औंध संस्थानच्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. आज ही जागा सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येते. लोखंडी नांगर आणि चरक करणाऱ्या या वसाहतीतून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून निघालेले हे मासिक पाहता पाहता महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाचे मासिक झाले. पाठोपाठ ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. यंत्र, उद्योग, आरोग्य, रूढीभंजन हा त्यांचा सूर. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध तिसाच्या दशकात ‘किर्लोस्कर’मधून गाजले, आणि त्यांत गाईपासून ग्रंथप्रामाण्यापर्यंत काहीच सुटले नाही. या वातावरणात वाढलेल्या वाचकाला विज्ञान म्हणजे चमत्काराच्या पोटात खुपसायची सुरी वाटे. त्याच विज्ञानाच्या यानात सिद्धपुरुषाला बसवायचे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली.

तिसरे उत्तर असे, की गूढ बळाच्या वीराला या मातीत अजून बरीच कामे होती. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ १९५९ मध्ये आली. तिची सुरुवातच जोगणीच्या गोष्टीने होते. परगावच्या जत्रेतून जोगणीची वाटी पळवून आणली, की तिच्यामागून त्या गावचे सुख आणणाऱ्याच्या गावात येते, ही श्रद्धा. फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी आणतो आणि त्यापायी जीव गमावतो. गूढ शक्तीची वस्तू, तिच्यासाठी मरणारा बाप, त्याचा वारसा घेऊन दुष्काळात इंग्रजांचा खजिना फोडणारा मुलगा: घडण महाकाव्याची आहे. लढाई मात्र भाकरीची, आणि रंगस्थळ वारणेच्या खोऱ्यातले. अण्णाभाऊंच्या वीराला मंगळावर जायची गरजच नव्हती. त्याच भागात १९४३ पासून नाना पाटलांचे इंग्रजांविरुद्धचे भूमिगत प्रतिसरकार चालले होते. भूमिगतांबद्दल दंतकथा उठायला तिथे लेखकाची वाट पाहावी लागत नव्हती.

अशी सगळी पूर्वपीठिका असताना मराठी विज्ञानकथेला साहित्याच्या पंगतीत पाट मिळाला तो कराडला.

५१ वे मराठी साहित्य संमेलन डिसेंबर १९७५ मध्ये तिथे भरले. आणीबाणी लागून सहा महिने होत आले होते. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, देशाचे परराष्ट्रमंत्री आणि कराडचेच सुपुत्र. अध्यक्ष दुर्गा भागवत. तुरुंगवासात प्रकृती ढासळलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी दुर्गाबाईंनी भर मंडपात प्रार्थना केली, आणि संमेलन इतिहासात गेले ते त्यामुळे. पुढच्या वर्षी त्यांना अटकही झाली. या गदारोळात त्यांच्या अध्यक्षीय भाषणातला एक छोटा भाग साहजिकच झाकोळला गेला. मराठीत उगवू लागलेल्या विज्ञानकथेचे, विशेषतः जयंत नारळीकरांच्या कथेचे, त्यांनी त्यात स्वागत केले होते.

हे कोण बोलत होते, ते पाहावे. दुर्गाबाई लोकसाहित्याच्या अभ्यासक. ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ त्यांची, महाभारतातल्या माणसांवर लिहिलेले ‘व्यासपर्व’ त्यांचे, जातककथा मराठीत आणल्या त्याही त्यांनीच. राक्षस, यक्ष, मायावी योद्धे यांच्याशी त्यांचा जितका घरोबा, तितका त्या मंडपात दुसऱ्या कोणाचा नसेल. आणि त्यांनी पाठ थोपटली ती अशा कथेची, जिच्यात यांपैकी कोणीच नव्हते. जुन्या अद्भुताचे मर्म ज्याला कळते, त्यालाच नवे अद्भुत चटकन ओळखू येते, असा त्याचा अर्थ लावता येईल.

त्या कथेची जन्मकथा आता बऱ्यापैकी सर्वश्रुत आहे. केंब्रिजहून १९७२ मध्ये परतलेले नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली. आपले नाव पाहून परीक्षक दबू नयेत म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून नारायण विनायक जगताप हे टोपणनाव घेतले. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगला नारळीकरांनी लिहून काढली. ‘कृष्णविवर’ला पहिले बक्षीस मिळाले. कृष्णविवराजवळ काळाची गती मंदावते, या सापेक्षतावादातल्या एका परिणामावर ती बेतलेली. तलवार नाही, शत्रू नाही, शाप नाही. संकट येते ते समीकरणातून.

‘स्टार वॉर्स’च्या दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह निघाला. नावात यक्ष आहेत, पण आत गदा-धनुष्य शोधू नये. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे अशी फळी पुढे उभी राहिली, आणि मराठी विज्ञानकथेचा नायक ठरून गेला: प्रयोगशाळेतला, चष्मा लावणारा, नैतिक पेचात सापडलेला सुशिक्षित माणूस. कथा सकस झाली, विचारी झाली. पण दहा वर्षांच्या पोराने चादर खांद्याला बांधून अंगणात धावत सुटावे, असे तिच्यात फारसे काही राहिले नाही, हेही मान्य केले पाहिजे. ते पोर १९६४ पासून निघणाऱ्या ‘इंद्रजाल’ कॉमिक्समधल्या परदेशी वीरांकडे गेले, आणि नंतर टीव्हीकडे.

एकट्या नारायण धारपांनी (१९२५–२००८) मधली वाट चोखाळली. त्यांचे विज्ञानाचे वाचन चांगले होते आणि भयकथेवर त्यांची हुकमत होती. त्यांच्या ‘समर्थ’ मालिकेतले अप्पा जोशी साध्या कपड्यांतले, मृदू बोलणारे गृहस्थ. पण आपल्या जगाच्या पलीकडून आत घुसू पाहणाऱ्या अमंगळ शक्तींशी ते मनोबळाने झुंजतात. मराठीत साधक-योद्धा म्हणता येईल असा हा वीर, आणि त्याची रणभूमी असते कुणाची तरी जुनी वाडावजा वास्तू. वाचनालयांत धारपांची पुस्तके हातोहात फिरत. समीक्षेने त्यांना रहस्य-भयाच्या कप्प्यात टाकून दिले, आणि त्यामुळे या वीराचे अंतराळाशी असलेले नाते कोणी तपासलेच नाही. ही उणीव मराठी समीक्षेने अजूनही पुरती भरून काढलेली नाही.

नारळीकरांच्या १९८६ च्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत जुना अवतार शेवटी आला, तो वेगळ्याच रूपात. जमिनीखाली खोदताना एका लुप्त, प्रगत संस्कृतीने पुरून ठेवलेली पेटी सापडते. तिच्यातल्या ज्ञानाच्या आधारे शास्त्रज्ञ एक यंत्रमानव घडवतात आणि त्याला वामन म्हणतात. नम्र, तल्लख, कामसू. त्याला हवे असते एकच: स्वतःसारखे आणखी घडवण्याची मुभा. बळीच्या दारात बटू आला तेव्हा पुराणात आपण बटूच्या बाजूने असतो. या कादंबरीत पाताळात जाण्याची वेळ माणसावर येते. देवपार्टीतला वीर असा प्रथमच संशयित म्हणून उभा राहिला.

सातारा जिल्ह्याचा आणि नारळीकरांचा पुढे आणखी एकदा संबंध आला, तो मात्र कथेबाहेर. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २००८ मध्ये समितीच्या साहाय्याने नारळीकरांनी फलज्योतिषाची सांख्यिकी चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका तयार केल्या, आणि कुठली कोणाची हे सांगा म्हणून ज्योतिषांना आवाहन केले. चाळीस-चाळीस पत्रिका घेऊन उत्तरे पाठवणारे २७ जण निघाले. त्यांची सरासरी बरोबर उत्तरे आली ४६ टक्के. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या आणि तिची १०२ उत्तरे जुळली. निष्कर्ष ‘करंट सायन्स’मध्ये छापून आले, आणि ज्योतिषांनी नेहमीप्रमाणे चाचणीच सदोष ठरवली.